भोपाळचे नगरनियोजन

मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ येथील भूवापर व रस्ते यांचे नियोजन. अठराव्या शतकात दोस्त मोहम्मद खानाने वसविलेल्या तटबंदीच्या जुन्या शहराला ‘शहर-ए-खास’ म्हणत. चौक बाजारात तळमजल्यावर दुकान व वर बिऱ्हाड अशी मिश्र वस्ती आढळते. इतवारा, बुधवारा, जुमेराती ही वारांवरून पडलेली तेथील वस्त्यांची नावे आजही रूढ आहेत. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाल्यावर दक्षिणेकडे रुंद रस्ते व सरकारी निवासस्थाने असलेले तात्या टोपे नगर (टी. टी. नगर) उभे राहिले; तेथील न्यू मार्केट हे शहराचे दुसरे व्यापारी केंद्र बनले.

भूवापराचे विभाग राज्याच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमानुसार विकास आराखड्यात ठरतात. मसुद्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवून शासन तो मंजूर करते. २००५ सालापर्यंतचा आराखडा १९९५ मध्ये लागू झाला. मुदत संपूनही पुढे अनेक वर्षे त्याचाच आधार घेतला गेला. २०३१ साठीचा मसुदा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातील मोठ्या तलावाच्या पाणलोट क्षेत्रातील बांधकाम हा त्यातील कळीचा मुद्दा होता.

स्मार्ट सिटी योजनेसाठी आधी शिवाजी नगर व तुलसी नगर निवडले होते. वृक्षतोडीच्या भीतीने नागरिकांनी विरोध केल्यावर २०१६ मध्ये प्रकल्प टी. टी. नगरात हलविण्यात आला. मिसरोद ते बैरागढ ही सुमारे २४ किमी.ची बसमार्गिका २०१३ मध्ये सुरू झाली. वाहतूक कोंडीच्या तक्रारींमुळे ती २०२४ पासून काढण्यात आली.