पाच मतांचा मतदारसंघ

दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेत निवडून गेले, हे आपण शाळेच्या पुस्तकात एका ओळीत वाचतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण त्यांना निवडून कुणी दिले?

त्या मतदारसंघाचे नाव सेंट्रल फिन्सबरी, लंडनमधला. १८८५ च्या फेररचनेत तो जन्मला आणि १९१८ च्या फेररचनेत नकाशावरून गेला. आयुष्य उणेपुरे ३३ वर्षांचे. त्यातला मोठा भाग क्लार्कनवेलचा, म्हणजे घड्याळे बनवणाऱ्या कारागिरांच्या वस्तीचा. माझ्यातल्या इंजिनियरला हे उगाचच आवडते.

१८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी जाहीर सभेत शंका काढली होती, की 'काळ्या माणसाला' इंग्रज मतदार निवडून देतील का? १८९२ मध्ये फिन्सबरीने उत्तर दिले. लिबरल पक्षाचे दादाभाई अवघ्या पाच मतांनी जिंकले. इंग्रजांनी लगेच 'नौरोजी'चे 'नॅरो-मेजॉरिटी' करून टाकले!

आता यातली मेख बघा. हिंदुस्थानचा कारभार याच संसदेच्या हाती, पण तिथल्या २८ कोटी लोकांना तिच्यासाठी एकही मत नव्हते. मुंबईत राहून दादाभाईंना मत देता आले नसते; लंडनमध्ये मात्र ब्रिटिश प्रजाजन म्हणून थेट उभे राहता आले. आपले गाऱ्हाणे मांडायला फिन्सबरीची खुर्ची उसनी घ्यावी लागली.

ती त्यांनी वाया घालवली नाही. आयसीएसची परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव १८९३ मध्ये सभागृहात मंजूर झाला (सरकारने तो अमलात आणला नाही, ते सोडा). १८९५ मध्ये ते हरले. पण त्याच वर्षी नेमलेल्या वेल्बी आयोगावर ते सदस्य होते, आणि १८९७ मध्ये त्या आयोगापुढे साक्ष द्यायला पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले लंडनला आले.

त्या जुन्या 'प्रजाजन' प्रकाराचे शेपूट अजून शिल्लक आहे. राष्ट्रकुलातला म्हणून, इथे रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ब्रिटिश संसदेसाठी मत देता येते. मी भारतीय पासपोर्टवर मत देऊन आलो, हे घरी फोनवर सांगितले तर कुणाला खरे वाटेना!

असो. एका मताने काय होते, असे कुणी म्हणाले तर मी हल्ली वाद घालत नाही. फिन्सबरीचा आकडा सांगतो.