शिवनेरीच्या कड्यावरचं पान

शिवनेरी म्हटलं की शिवजन्म आठवतो. आजच्या भागात मी त्याच किल्ल्याबद्दल बोलणार आहे, पण विषय आहे तिथल्या कड्यावर लोंबणाऱ्या एका छोट्या वनस्पतीचं पान. तिचं मराठी नाव शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका.

गोष्ट 1860च्या दशकातली. निकोल अलेक्झांडर डॅल्झेल हा स्कॉटिश माणूस मुंबई इलाख्याचा वनाधिकारी होता. 1861 मध्ये त्याने अलेक्झांडर गिब्सनसोबत 'बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक काढलं होतं. जुन्नरच्या डोंगरांत मिळालेल्या या वनस्पतीचं वर्णन त्यानेच केलं आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे उगवणारी वनस्पती कागदावर आली ती साहेबाच्या नावाने!

पण डॅल्झेलने तिच्यासाठी वेगळी प्रजातच का केली? एक कारण तिचं फूल, दुसरं तिचं पान. तिची भावंडं म्हणजे माळरानावरची माकडशिंगी वगैरे. नुसते हिरवे, मांसल, कोनदार दांडे. पानं जवळपास नाहीतच, कारण पान म्हणजे खर्च. पानावर बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. अन्न बनवायला लागणारा कार्बन डायऑक्साइड तिथूनच आत येतो आणि तिथूनच पाणी वाफ होऊन बाहेर जातं. कोरड्या जागी हा सौदा परवडत नाही, म्हणून या घराण्याने पानं टाकून दिली आणि अन्न बनवायचं काम खोडाकडे दिलं. एकट्या शिंदळ माकुडीने मात्र चांगली ठसठशीत पानं ठेवली.

पुढे 1901 ते 1908 या काळात थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ आला. त्यातही ती आहे. आणि हे कुक कोण, तर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य! बीटेक करून दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून जाम भारी वाटलं.

पण हिने पानं ठेवली कशासाठी? याचं नेमकं उत्तर यायला 1977 साल उजाडलं. लांगे आणि त्सुबर या जर्मन संशोधकांनी मोजमाप करून दाखवलं की या एकाच वनस्पतीत दोन पद्धती चालतात. पान काम करतं भात-गव्हासारखं : दिवसा रंध्रं उघडी, पाण्याचा खर्च जास्त, पण वाढ जोरात. खोड काम करतं निवडुंगासारखं : रात्री गारव्यात रंध्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं बंद करून अन्न बनवायचं. या दुसऱ्या पद्धतीला 'कॅम' म्हणतात.

आता सह्याद्रीचा पाऊस आठवा. चार महिने धो धो, मग आठ महिने कातळ तापतो. शिंदळ माकुडी पावसाळ्यात पानं काढून भरपूर कमाई करते, उन्हाळ्यात पानं गाळते आणि पाणी साठवलेल्या खोडावर तग धरते. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच मशीनवर दोन मोड, आणि स्विच मान्सूनच्या हातात.

2002 मध्ये डीएनएच्या आधारे तिला 'बौसेरोशिया' या प्रजातीत हलवण्यात आलं. म्हणजे पान कितीही वेगळं दिसलं, तरी घराणं तेच निघालं. फ्रिअरसाहेब मात्र नव्या नावातही आहेतच : बौसेरोशिया फ्रेरी. मला यातून एवढंच कळतं की पान आधी त्या जागेचं हवामान सांगतं, नातं नंतर.

ही वनस्पती महाराष्ट्राबाहेर कुठेही आपोआप उगवत नाही. शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या कड्यांवर उरली आहे, तीही वणवा, चराई आणि ढासळणारे कडे यांच्या तावडीत. उभा कडा तिला माणसापासून वाचवतो, पण कुंडीत लावायला म्हणून एक फांदी तोडणारा हात तिथेही पोचतो. पावसाळ्यात ट्रेकला गेलात आणि तांबडं, पिवळ्या ठिपक्यांचं, चांदणीसारखं फूल दिसलं, तर लांबूनच फोटो काढा. आणि लोकेशन टाकू नका.

भेटू पुढच्या भागात!