वॉर्साचा पुन्हा उभारलेला चौक

वॉर्साच्या जुन्या शहरातील बाजारचौकात प्रथमच आलेल्या प्रवाशाला तिथल्या घरांचे वय विचारले, तर तो सहज तीन-चारशे वर्षे सांगेल. चारही बाजूंना एकमेकींना खेटून उभी असलेली अरुंद, उंच घरे, रंगविलेल्या भिंती, दारांच्या कोरीव दगडी चौकटी असे सारे पाहिल्यावर त्याने दुसरे काय म्हणावे? वास्तविक हा चौक पुन्हा बांधून खुला झाला तो १९५३ साली.

जागा मात्र खरोखरच जुनी. तेराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या नगराचा हा बाजार. लांबी सुमारे ९० मीटर, रुंदी ७३. मधले नगरभवन १८१७ साली पाडण्यात आले. १६०७ च्या आगीनंतर धनिक व्यापाऱ्यांनी आपली घरे नव्या थाटात उभारली आणि तेच रूप पुढे चौकाची ओळख ठरले.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साने जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. ६३ दिवसांनी तो मोडला आणि जर्मनांनी रिकाम्या शहरातील इमारती योजनापूर्वक जाळल्या, सुरुंगांनी उडविल्या. चौकात काही भिंती तेवढ्या उरल्या. त्या वेळी कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहत होते. आपल्या राजधानीचा हा अंत त्यांनी किती दुरून ऐकला असेल!

पुनर्रचनेचे श्रेय बहुधा बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातील इटालियन चित्रकाराला दिले जाते. त्याची नगरचित्रे इतर रस्त्यांसाठी मोलाची ठरली, हे खरे. परंतु चौकातील घरांना अधिक भक्कम आधार होता तो तेथील तंत्रविद्यापीठाच्या वास्तुविद्या शाखेतील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी केलेल्या मोजणीच्या आराखड्यांचा. उठावानंतर हे कागद शहराबाहेर काढून प्योत्रकूव येथील मठातील थडग्यांत दडविण्यात आले होते. चित्रातील रंगांपेक्षा फूटपट्टीने घेतलेली ही मापे मला अधिक हृद्य वाटतात.

याला नक्कल म्हणावे काय? कामाचे एक प्रमुख सूत्रधार यान झाख्वातोविच यांची भूमिका अशी की, राष्ट्राच्या स्मृतीवर शत्रूने हेतुपुरस्सर घाव घातला असता जीर्णोद्धाराचे नेहमीचे नियम पुरे पडत नाहीत. हे मला पटते. अडखळायला होते ते दुसऱ्या ठिकाणी. दर्शनी भिंतींमागे आधुनिक सदनिका आल्या, कोंदट परसदारे मोकळी झाली, एकोणिसाव्या शतकात चढविलेले काही मजले गाळले गेले. रहिवाशांना उजेड मिळाला. पण त्या शतकातील भाडेकरूंच्या दाटीवाटीचे वॉर्सा पुसले गेले, आणि ते पुसण्यात शत्रूचा हात नव्हता.

१९८० साली युनेस्कोने हे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही जवळजवळ संपूर्ण पुनर्रचनेचा असामान्य नमुना म्हणून. चौकाच्या मध्यभागी ढाल-तलवार घेतलेली मत्स्यकन्या आहे. तीही प्रतिकृतीच, १८५५ सालची मूळ जस्ताची मूर्ती चौकाच्याच एका बाजूच्या घरांत मांडलेल्या संग्रहालयात आहे.