जलतळाचे भूकंपीय सर्वेक्षण

सरोवराच्या तळाखालील गाळाचे थर व आधारखडक यांचा कृत्रिम कंपनतरंगांच्या साहाय्याने नकाशा तयार करण्याची भूभौतिकीय पद्धती.

उगम : ही पद्धती ज्यावर आधारलेली आहे त्या परावर्तन पद्धतीची (थरांवरून परतलेले तरंग टिपण्याची) चाचणी १९२१ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे झाली. खनिज तेलाच्या शोधातून ती विकसित झाली.

वैशिष्ट्ये : नौकेवरून तरंग सोडतात, थरांच्या सीमांवरून परतलेले तरंग हायड्रोफोन टिपतो. पाण्यात तरंगांचा वेग सेकंदाला सु. १,५०० मी. असल्याने ४० मिलिसेकंदांनी (जाण्यायेण्याचा एकूण वेळ) आलेला प्रतिध्वनी ३० मी. खोली दर्शवितो. घट्ट बेसाल्टात वेग सेकंदाला सु. ५,००० मी. असतो, त्यामुळे मऊ गाळाखालील खडकाची सीमा ठळक उमटते. गाळात वायू साठला असल्यास खालचे थर झाकले जातात. बैकल सरोवराखाली गाळाची जाडी सु. ७ किमी. आढळली.

नंदुरबार जिल्हा : ही पद्धती वापरता येईल असे दोन जलाशय या जिल्ह्यात पोहोचतात. तापीवरील उकाई जलाशयाचा फुगवटा नवापूर तालुक्यात, तर नर्मदेवरील सरदार सरोवराचा अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत पोहोचतो. आधारखडक मुख्यतः बेसाल्ट आहे (पहा : दक्षिण ट्रॅप). राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने जिल्ह्याच्या पूर्वेस सेंधवामार्गे जमिनीवर घेतलेल्या खोल भूकंपीय छेदात, नर्मदा व तापी यांच्या दरम्यान बेसाल्टाखाली मध्यजीव काळातील गाळखडक दिसून आले.

महत्त्व : जलाशयातील गाळाचे आकारमान, उरलेली साठवणक्षमता, पुलांचे पाये व विभंगरेषा ठरविण्यास ही पद्धती उपयुक्त आहे (पहा : जलाशय, भूकंप).