हृदयाभोवतीचं दूध आणि ‘कारण अज्ञात’ हा रकाना

दातिवऱ्याला वैतरणेच्या मुखाशी ओहोटीला गेलात तर चिखल दिसतो, भरतीला गेलात तर पाणी. जागा तीच, पण वहीत नोंद वेगळी. संशोधन सुरू करण्याआधी ही गोष्ट डोक्यात ठेवा. आजचा विषय तिच्यावरच उभा आहे.

विषय आहे कायलोपेरिकार्डियम, म्हणजे हृदयावरणात दुधाळ लसीका साठणं. आजार दुर्मिळ आहे. आतड्यातून शोषलेली चरबी वाहून नेणाऱ्या लसीकेला काइल म्हणतात. ती थोरॅसिक डक्ट या नळीतून छातीतून वर चढते आणि मानेच्या डाव्या बाजूला शिरेत मिसळते. ही वाट शस्त्रक्रियेत दुखावली किंवा गाठीमुळे, क्षयामुळे, क्वचित हत्तीरोगाच्या कृमींमुळे अडली, तर द्रव हृदयाभोवती उतरू शकतो. तो फार साठला की हृदयाला नीट फुलता येत नाही आणि जिवावर बेततं.

आता मागे चला. १६२२ साली इटलीत गास्पारे असेलीला कुत्र्याच्या आतड्यांजवळ पांढऱ्या वाहिन्या दिसल्या. दुसऱ्या कुत्र्यात त्या दिसल्याच नाहीत! फरक एवढाच की पहिला कुत्रा नुकताच जेवला होता, दुसरा उपाशी होता. असेलीने पुढच्या कुत्र्याला आधी खाऊ घातलं आणि वाहिन्या पुन्हा दिसल्या.

झां पेके तर विद्यार्थीच होता. कुत्र्याचं हृदय काढल्यावर त्याला पांढरा द्रव दिसला. आधी वाटलं, पू असेल. पण तो तिथे थांबला नाही, द्रव येतो कुठून याचा माग काढत थोरॅसिक डक्टपर्यंत पोचला. ते १६५१ साली छापून आलं.

माणसाच्या हृदयावरणातल्या या द्रवाची नोंद १८८८ साली हासेब्रोकने केली. १९५४ मध्ये ग्रोव्ह्ज आणि एफलर यांनी कारण न सापडणाऱ्या प्रकाराला ‘प्रायमरी’ म्हटलं. पुढे लसीकावाहिन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र काढता येऊ लागलं, तेव्हा अशा काही रुग्णांत गळतीची जागा दिसली.

म्हणजे ‘प्रायमरी’ हे उत्तर नव्हतं, त्या काळच्या साधनांची मर्यादा होती. आजही रुग्ण उपाशी असेल तर द्रव तितका दुधाळ दिसेलच असं नाही. म्हणून नुसत्या रंगावर न जाता त्यातले ट्रायग्लिसराइड मोजतात.

तुमच्या प्रबंधातही ‘इतर’ किंवा ‘कारण अज्ञात’ असा रकाना येईल. तो भरून पुढे जाऊ नका. आधी विचारा : नोंद कोणी केली, कशाने केली, आणि तेव्हा भरती होती की ओहोटी?