पंचेचाळीस स्टेड

अथेन्समध्ये सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा एक कोरलेला दगड सापडला आहे. वाटसरूंना अंतर कळावं म्हणून शहराने तो उभा केला होता. बंदरापासून बारा देवांच्या वेदीपर्यंत ४५ स्टेड अंतर आहे, असं त्यावर लिहिलंय. एक स्टेड साधारण १८५ मीटरचा, म्हणजे आठ किलोमीटरच्या थोडं वर. ही वेदी अगोरात, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात होती. नागपूरच्या झीरो माइलसारखी, अंतरं मोजायची जागा.

त्या बंदराचं नाव पिरेअस. आज तिथे क्रूझ जहाजं लागतात. सकाळी हजारो माणसं उतरतात आणि सगळ्यांना एकच प्रश्न असतो: इथून अथेन्समध्ये जायचं कसं?

मागच्या मे महिन्यात त्या गर्दीत मीही होतो, आणि सोबत बाबा. बाबांनी मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क म्हणून एकतीस वर्षं काढली. जहाजातून उतरणारा माल मोजायचा, शीटवर लिहायचा, सही घ्यायची. आयुष्यभर जहाजं बघितली, पण जहाजातून प्रवास कधी केला नव्हता. म्हणून निवृत्तीनंतर ही ट्रिप. आईला चढउतार नको होती, ती जहाजावरच थांबली.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्याकडे मिनिटामिनिटाचा प्लॅन तयार होता. साडेआठला बाहेर, स्टेशनपर्यंत दोनेक किलोमीटर, तिथून मेट्रो, दहाचा अ‍ॅक्रोपोलिसचा स्लॉट, साडेचारला परत. पण स्टेशनच्या वाटेवर बाबा थांबले ते थांबलेच. धक्क्याला बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटी लागल्या होत्या आणि त्यांच्या पोटात भलेमोठे ट्रक उलटे, रिव्हर्समध्ये चढत होते.

"थांब रे, हा कसा घालतो बघू दे."

त्याने घातला. मग दुसऱ्याने घातला. मग बाबांना धक्क्यावरच्या माणसाचे हातवारे समजायला लागले. आमचा दहाचा स्लॉट तिथेच गेला. मी चिडलो होतो, आणि ते बाबांना कळलंही होतं. "तुझं ते देऊळ कुठे पळून जातंय," एवढंच म्हणाले.

देऊळ पळून जात नाही हे खरं. पण ट्रेनमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मी अथेन्सबद्दल जे काही वाचलं होतं, ते सगळं वरच्या शहराबद्दल होतं. बंदर माझ्यासाठी फक्त उतरायची जागा होती. आणि अथेन्सच्या बाबतीत तरी हे साफ चूक आहे.

भिंतींमधला रस्ता

मुळात अथेन्स हे समुद्रकाठचं शहर नाही. ते एका खडकाभोवती, समुद्रापासून आत वसलेलं. सुरुवातीला त्यांची जहाजं फालेरॉनच्या उघड्या पुळणीवर ओढून ठेवली जायची. इ.स.पू. ४९३ च्या सुमारास थेमिस्टोक्लिस नावाच्या पुढाऱ्याने पिरेअसच्या तीन नैसर्गिक खाड्या हेरल्या आणि तिथे तटबंदी सुरू केली. पुढे दहाएक वर्षांनी लॉरिऑनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला, तेव्हा ती चांदी नागरिकांत वाटायची असं घाटत होतं. थेमिस्टोक्लिसने लोकांना पटवलं की वाटू नका, युद्धनौका बांधा. इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसच्या लढाईत याच आरमाराने पर्शियनांना हरवलं.

आता या नौकांचं गणित बघा. ट्रायरीम नावाच्या एका नौकेवर साधारण २०० माणसं असायची, त्यातले १७० वल्हवणारे. जमिनीवर लढायचं तर चिलखत, ढाल, भाला स्वतःच्या पैशाने घ्यावा लागे, म्हणजे घरची बरी परिस्थिती हवी. वल्हवायला मात्र फक्त अंगात ताकद लागायची. त्यामुळे नौकांवर शहरातले सगळ्यात गरीब नागरिक असत, आणि त्यांच्या जोडीला परदेशी रहिवासी आणि गुलामसुद्धा. शहर आता या लोकांच्या खांद्यांवर चाललं होतं, आणि सभेत त्यांचं मत मोजावं लागणारच होतं. अथेन्सची लोकशाही कशी पसरत गेली याची बरीच कारणं सांगतात. त्यातलं हे एक मोठं कारण.

मग प्रश्न आला त्या आठ किलोमीटरचा. शत्रूने मधला रस्ता तोडला तर शहर उपाशी मरणार, कारण धान्याचा मोठा वाटा काळ्या समुद्राकडून जहाजाने यायचा. माझ्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. उपाय म्हणून इ.स.पू. ४६० च्या आसपास शहरापासून समुद्रापर्यंत लांब भिंती बांधायला घेतल्या. एक पिरेअसकडे, एक फालेरॉनकडे. पुढे पेरिक्लिसच्या काळात पिरेअसच्या भिंतीला समांतर अशी तिसरी भिंत झाली. दोन भिंतींमध्ये दोनशे मीटरहून कमी रुंदीचा एक लांबलचक बोळ तयार झाला. एका टोकाला बाजारचौक, दुसऱ्या टोकाला जहाजं. अथेन्सने स्वतःचं बेट करून घेतलं म्हणा ना.

त्या रस्त्याने काय काय आलं

धान्य आलं, इमारती लाकूड आलं, परदेशी व्यापारी आले. प्लेटोच्या 'रिपब्लिक'ची सुरुवातही याच वाटेने होते. सॉक्रेटिस एका देवीचा उत्सव बघायला पिरेअसला उतरलाय, परत निघालाय आणि मित्रांनी त्याला रस्त्यात अडवलंय. न्याय म्हणजे काय, यावरची ती सगळी चर्चा बंदरातल्या एका घरात घडते. ते घर केफालस नावाच्या परदेशी रहिवाशाच्या कुटुंबाचं. हे कुटुंब पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

याच वाटेने इ.स.पू. ४३० मध्ये साथ आली. स्पार्टाशी युद्ध सुरू होतं आणि खेड्यापाड्यांतली माणसं तटाच्या आत आली होती. काही थेट लांब भिंतींच्या मधल्या बोळात झोपड्या टाकून राहत होती. इतिहासकार थ्युसिडिडीस स्वतः त्या आजारातून वाचला. तो लिहितो की साथ आधी पिरेअसमध्ये लागली आणि मग वरच्या शहरात पोचली. पिरेअसचे लोक म्हणत होते, शत्रूने आमच्या पाण्याच्या हौदांत विष घातलं. दाटीवाटी, उन्हाळा, पाण्याची बोंब आणि अफवा. २०२० बघितलेल्या आपल्याला यातलं काहीही समजावून सांगायला नको.

आणि इ.स.पू. ४०५ मध्ये एका रात्री त्याच वाटेने बातमी आली. एगोस्पोटामीला अथेन्सचं जवळजवळ सगळं आरमार शत्रूच्या हाती पडलं होतं. पारालोस नावाची सरकारी नौका ही बातमी घेऊन रात्री पिरेअसला लागली. झेनोफनने लिहून ठेवलंय की रडण्याचा आवाज बंदरातून उठला आणि लांब भिंतींमधून, एकाने दुसऱ्याला सांगत सांगत, शहरापर्यंत पोचला. त्या रात्री कुणी झोपलं नाही.

पुढच्या वर्षी शहर शरण गेलं. स्पार्टाची अट होती की लांब भिंती पाडा. बासरीवाल्या बायकांना बोलावून, वाजतगाजत, त्या पाडायला सुरुवात झाली.

खालून वर

स्पार्टाच्या पाठिंब्याने शहरात तीस जणांची सत्ता आली. त्यांनी काही महिन्यांत पंधराशेच्या आसपास माणसं मारली. त्यात केफालसचा मुलगा पोलेमार्कस होता, तोच ज्याने 'रिपब्लिक'मध्ये सॉक्रेटिसला थांबवून घेतलं होतं. त्याला विष प्यायला लावलं. गुन्हा एवढाच की कुटुंब श्रीमंत होतं आणि परकं होतं. त्यांचा ढाली बनवायचा कारखाना होता, तो लुटला. भाऊ लिसियस मात्र कसाबसा निसटला.

तिकडे थ्रासिब्युलस नावाच्या सेनानीने सुरुवातीला सत्तरेक माणसं घेऊन डोंगरातला एक किल्ला धरला होता. माणसं वाढत गेली आणि तो एका रात्री पिरेअसमध्ये शिरला. भिंती नव्हत्या, पण बंदरातली माणसं होती. म्युनिकियाच्या टेकडीवर लढाई झाली. वर थ्रासिब्युलसचे लोक, खालून चढणारी तीस जणांची फौज. टेकडीवरून भाले तर आलेच, पण हाताला लागेल तो दगडही आला. तीस जणांचा म्होरक्या क्रिटियस तिथे मेला.

यानंतर ग्रीक लेखक दोन पक्षांना साधी नावं देतात: 'शहरातले' आणि 'पिरेअसचे'. लोकशाही म्हणजे पिरेअसवाले. शेवटी तडजोड झाली आणि इ.स.पू. ४०३ मध्ये पिरेअसचे लोक हत्यारांसह त्या आठ किलोमीटरवरून शहरात आले, अ‍ॅक्रोपोलिस चढले आणि अथेना देवीला बळी दिला. मग शपथ झाली: तीस जण आणि त्यांचे मोजके अधिकारी सोडून कुणाचंही जुनं काढायचं नाही.

बंदरातून शहराच्या मध्यभागी जाण्याचा यापेक्षा मोठा प्रवास मला माहीत नाही.

प्निक्स

अ‍ॅक्रोपोलिस हुकल्यामुळे आम्ही थिसिओ स्टेशनला उतरून प्निक्सच्या टेकडीवर गेलो. तिथे तिकीट नाही, रांग नाही, फारशी माणसंही नाहीत. उतारावरचं एक मोकळं मैदान आणि खडकात कोरलेला एक चौथरा. अथेन्सची नागरिकसभा इथे भरायची. समोर अ‍ॅक्रोपोलिस, आणि टेकडीच्या माथ्यावर गेलं की दुसऱ्या बाजूला समुद्र.

प्लुटार्कने पाचशे वर्षांनी लिहिलेली एक गोष्ट आहे. या चौथऱ्याचं तोंड पूर्वी समुद्राकडे होतं, तीस जणांनी ते फिरवून जमिनीकडे केलं. कारण त्यांच्या मते लोकशाही समुद्रातून येते, शेतकरी त्या मानाने निमूट असतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, त्यांना भीती कुणाची वाटत होती ते कळतं.

बाबांना मी हे सगळं तिथे बसून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या परदेशी लोकांचं काय झालं? लढले ना ते पण?"

मला हा भाग सांगायचा नव्हता, कारण त्याने गोष्टीची मजा जाते. विजयानंतर थ्रासिब्युलसने ठराव मांडला की पिरेअसहून आमच्यासोबत आलेल्या सगळ्यांना नागरिकत्व द्यावं. त्यात परदेशी होते, काही उघड उघड गुलाम होते. ठराव कायद्यात बसत नाही म्हणून रद्द करवला गेला, आणि रद्द करवणारा लोकशाहीच्याच बाजूचा होता. लिसियसने या लढ्याला पैसा आणि ढाली पुरवल्या होत्या. तोही परका तो परकाच राहिला. पुढची वर्षं त्याने इतरांसाठी कोर्टातली भाषणं लिहून काढली. आज तो ग्रीक गद्याचा मोठा लेखक मानला जातो.

दोनेक वर्षांनी या परक्यांपैकी काहींना हक्क देणारा एक ठराव मात्र दगडावर कोरला गेला. त्याचे तुकडे मिळाले आहेत. त्यावर नावांची यादी आहे आणि प्रत्येक नावापुढे धंदा: शेतकरी, आचारी, सुतार, खेचरं हाकणारा, माळी.

मी फोनवर ती यादी काढून दाखवली. बाबांनी चष्मा लावला आणि बोट स्क्रीनवरून खाली खाली नेत वाचली. "टॅलीशीटच आहे की ही," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आमच्यात बदलीवाल्यांची नावं शीटवर नसायची. नुसता आकडा."

एकतीस वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. गोदीच्या भिंतीच्या आत काय चालतं, हा प्रश्न मला शहरात वाढूनही पडला नाही. शाळेची सहल म्युझियमला गेली, गेटवेला गेली. गोदीच्या गेटवरून बस सरळ पुढे जायची.

परत येताना आम्ही मोनास्तिराकीहून ट्रेन धरली. ही लाइन १८६९ मध्ये पिरेअस ते थिसिओ अशी सुरू झाली आणि तिचा बराचसा मार्ग जुन्या लांब भिंतींच्या पट्ट्याला धरूनच जातो. पुढे ती शहरात वाढवली तेव्हा रूळ प्राचीन चौकाच्या कडेने गेले. बारा देवांची ती वेदी, जिथून अंतरं मोजायचे, तिचा एक कोपरा सोडला तर बाकीची या रुळांखाली आहे. २०११ मध्ये रुळांच्या कामात ती उघडी पडली होती. लोकांनी विरोध केला, पण ती पुन्हा झाकली गेली आणि गाड्या सुरू झाल्या.

मी बाबांना म्हटलं, आता आपण बरोबर शून्यावरून निघालोय. त्यांनी मान डोलावली आणि स्टेशनं मोजायला लागले. थिसिओ, पेट्रालोना, टाव्रोस, कालिथेआ, मोस्काटो, फालिरो, पिरेअस.

"सात," ते म्हणाले. जहाज सुटायला अजून दीड तास होता. आम्ही धक्क्यावर गेलो आणि आणखी दोन ट्रक चढताना बघितले.