एक ट्रक, चार इंजिनं

जुने लष्करी ट्रक विकत घेऊन पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या मंडळींमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. मूळ इंजिन काढून दुसरं बसवलं, तर ट्रक 'अस्सल' राहतो का? अमेरिकन एम-३५ च्या बाबतीत हा वाद मला फारच गमतीचा वाटतो, कारण इंजिन बदलायचा उद्योग इथे खुद्द लष्करानेच केलाय. तोही एकदा नाही, तीनदा!

सहा चाकांना ताकद देणारा हा ट्रक १९५० च्या सुमारास सैन्यात आला. बनवला रिओ कंपनीने (रिओ म्हणजे रॅन्सम ई. ओल्ड्स यांची आद्याक्षरं, ओल्ड्समोबिलवालेच ते). कच्च्या रस्त्यावर अडीच टन माल न्यायचा, म्हणून टोपणनाव पडलं 'ड्यूस अँड अ हाफ'. आपल्याकडे असता तर नक्की 'अडीचकी' म्हटलं असतं. पहिलं इंजिन ५.४ लिटरचं, पेट्रोलचं.

मग शीतयुद्ध तापलं आणि लष्कराला प्रश्न पडला: युद्ध पेटलं, पुरवठा तुटला, तर टाकीत घालायचं काय? उत्तर निघालं मल्टिफ्युएल इंजिन. डिझेल घाला, रॉकेल घाला, विमानाचं इंधन घाला, वेळ पडली तर पेट्रोलसुद्धा. युक्ती जर्मनीच्या 'मान' कंपनीची. (आपला 'शक्तिमान' ट्रक जबलपूरला याच कंपनीच्या परवान्यावर बनायचा.) पिस्टनच्या माथ्यावर गोल वाटी कोरलेली, इंधन हवेत न फवारता त्या वाटीच्या भिंतीवर मारायचं. भिंतीवरून ते हळूहळू वाफ होऊन जळतं, त्यामुळे कुठलंही इंधन असलं तरी धडाधड ठोके बसत नाहीत.

आधी ७ लिटरचं इंजिन आलं, ए-१ मध्ये. ते फारसं टिकलं नाही. मग ए-२ मध्ये ७.८ लिटरचं आलं आणि ते मात्र दशकानुदशकं चाललं. धूर कमी व्हावा म्हणून पुढे त्याला टर्बो लावला. त्याच्या शिट्टीवरून त्या इंजिनाला 'व्हिसलर' म्हणतात.

ताकद मात्र बेताचीच. व्हिएतनाममध्ये २ सप्टेंबर १९६७ ला अमेरिकन ट्रकच्या ताफ्यावर मोठा हल्ला झाला, सात ड्रायव्हर मेले. त्यानंतर सैनिकांनी आपल्याच अडीचकींना वाळूच्या गोण्या, नंतर पोलादी पत्रे आणि मशीनगन लावून 'गन ट्रक' बनवले. पण तेवढं वजन घेऊन इंजिन धापा टाकायला लागलं, आणि शेवटी हे काम पाच टनी ट्रककडे गेलं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस लष्कराने रणांगणावर शक्यतो एकच इंधन वापरायचं धोरण घेतलं. झालं! मल्टिफ्युएलची गरजच संपली. १९९० च्या दशकात काही जुने ट्रक ए-३ बनले: ६.६ लिटरचं कॅटरपिलर डिझेल, सोबत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, इम्प्लिमेंटेशन दर वेळी नवं.

आज हौशी लोकांचं आवडतं इंजिन म्हणजे कमिन्सचं ५.९ लिटर. हेच बी-सिरीज इंजिन टाटाच्या ट्रकसाठी जमशेदपूरला बनायला लागलं, म्हणजे आपल्या हायवेवरचा ओळखीचाच आवाज. भाग सहज मिळतात, चढावर दम लागत नाही. पण घातलं आणि निघालो असं नसतं. ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची. ब्रेकसाठी लागणारी हवा इंजिनावरचा काँप्रेसर देतो, तो नव्या इंजिनावरही हवाच.

आणि खरी मेख ब्रेकमध्येच आहे. ए-२ चे ब्रेक म्हणजे हवेच्या मदतीने चालणारं हायड्रॉलिक, तेही एकाच सर्किटचं. एक पाइप फुटला की सहाच्या सहा टनांचं रिकामं धूड ब्रेकशिवाय! त्यात भरपूर ताकदीचं इंजिन घालायचं म्हणजे... म्हणून माझं मत, आधी ब्रेकचं सर्किट दुहेरी करावं, मग इंजिनाचं बघावं.

मग अस्सलपणाचं काय? मला वाटतं, इंजिन बदलल्याने या ट्रकचा इतिहास बाटत नाही, बदलत जाणं हाच त्याचा इतिहास आहे. पण कॅटरपिलर आणि कमिन्स उद्याही कुठेतरी दिसतील. 'टाकीत काय मिळेल कोण जाणे' ही शीतयुद्धाची धास्ती लोखंडात ओतलेली सापडते ती फक्त त्या शिट्टीवाल्या इंजिनात, आणि ते बनणं केव्हाच थांबलंय. तेव्हा इंजिन जरूर बदला, पण चासी कापू नका, नवे माउंट बोल्टने लावा आणि जुनं इंजिन भंगारात न देता ग्रीस लावून शेडमध्ये झाकून ठेवा. पुढच्या मालकाला ते परत बसवावंसं वाटलं, तर जागा तरी तशीच असू दे.